एकदम चालू

दिनानाथ मोघे हसताना कसे दिसत, हे मला नीटसं आठवत नाही. वैतागलेले मात्र रोज पाहिले. सकाळी यायचं, कॉम्प्युटर रूमच्या दाराशी बूट काढायचे, आत नजर टाकायची, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि अगदी हळू आवाजात म्हणायचं, "धन्य आहे." हे कुणाला, ते ठरलेलं नसे. कधी टेलिफोन खात्याला, कधी मुंबईच्या हेड ऑफिसला, कधी केबल कुरतडणाऱ्या उंदरांना. ओरडायला त्यांना कधी जमलंच नाही. एकदा तरी घसा फोडून ओरडा, तब्येतीला बरं पडेल, असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "ओरडून लाइन येणार असेल तर ओरडतो, टिपणीसबाई."

मी कुंदा टिपणीस. अंबरनाथला 'नवरंग डायकेम' नावाच्या रंग-रसायनांच्या कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कामगार आला कधी, गेला कधी, रजेवर आहे की नोकरीच सोडून गेला, याची नोंद ठेवणारं हे खातं. प्रत्येकाचं एक कार्ड, आणि कार्डांसाठी दोन रबरी शिक्के. नोकरीत असलेल्याच्या कार्डावर 'चालू', सोडून गेलेल्याच्या कार्डावर 'बंद'. शिक्के कुणी करून घेतले देव जाणे, माझ्या आधीपासूनचे होते. १९८३ साली कंपनीने पहिला कॉम्प्युटर घेतला तेव्हा ऑपरेटर मुलींनी कार्डांवरचं सगळं त्यात भरलं, आणि 'चालू'ला इंग्रजी शब्द कुठे शोधत बसा म्हणून इंग्रजी अक्षरांत 'चालू'च लिहून टाकलं. सी, एच, ए, एल, यू. तेव्हापासून ज्याच्या नावापुढे ही पाच अक्षरं, तो कंपनीचा माणूस. ज्याच्यापुढे नाहीत, तो नाही. एवढं लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं रामायण ह्या पाच अक्षरांनी घडवलं.

मोघे मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर. उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले आणि आमच्या प्रयोगशाळेत लागले. परीक्षानळ्या धुण्यातून नुकते वर येत होते, तेवढ्यात तेव्हाच्या साहेबांनी ह्यांचं गणित बरं आहे असं कुठून तरी ऐकलं आणि कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी मुंबईला धाडलं. परत आले ते कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख होऊन. खातं म्हणजे ते स्वतः, दोन ऑपरेटर मुली आणि एक एअरकंडिशनर. पुढे बदलापूरला शिरगावात ब्लॉक घेतला, मालिनीवहिनी तिथल्या शाळेत शिकवायच्या. कारखान्यातले लोक त्यांना म्हणायचे, तुमचं काय बुवा, दिवसभर थंडगार बसता. रिअॅक्टरपाशी भाजून निघणाऱ्या माणसाने हे म्हणावं हे मला कळतं. पण त्या गारव्यात बसून त्या माणसाचं डोकं किती तापायचं हे मी शेजारच्या खोलीतून बघत होते.

खरी कटकट सुरू झाली ती नव्वद सालानंतर. कंपनीचा दुसरा कारखाना शहाडला होता. त्याचा कॉम्प्युटर वेगळा, त्यातली भाषा वेगळी, कामगारांचे नंबर वेगळे. आमच्या कॉम्प्युटरला शहाडचं काही कळत नसे आणि शहाडच्याला आमचं. कुणाची इकडून तिकडे बदली झाली की तो माणूस काही दिवस दोन्हीकडे असे, नाही तर कुठेच नसे. मग हेड ऑफिसातून फर्मान निघालं की सगळ्या ठिकाणचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडा. बागेत पाणी घालायच्या नळ्या जोडतात तसं ते म्हणणाऱ्याला वाटलं असावं.

जोडायचं म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून. दोन्ही टोकांना मोडेम नावाची एक चपटी पेटी, ती किंचाळल्यासारखा आवाज करायची आणि नशिबात असेल तर पलीकडची पेटी ओ द्यायची. मोघे लाइनसाठी टेलिफोन खात्याच्या पायऱ्या झिजवून आले. लाइन मिळाली तर रस्ता खणणाऱ्यांनी ती तोडली. ती जोडली तर पलीकडून उत्तर येईना. शहाडला जाऊन बघतात तो कँटीनवाल्याने मोडेमचा प्लग काढून तिथे चटणीचा मिक्सर लावलेला. तो म्हणाला, ह्या डबीचा काही उपयोग दिसत नव्हता साहेब, नुसती दिवा लावून बसलेली. दसऱ्याला तर कहर झाला. सगळ्या यंत्रांची पूजा होते तशी शहाडवाल्यांनी कॉम्प्युटरचीही केली, आणि भक्तिभावाने फ्लॉपी घालायच्या फटीतच हळदकुंकू वाहिलं. मोघ्यांनी ती फट ब्रशने साफ केली, चष्मा पुसला. म्हणाले, "धन्य आहे." 

ह्या सगळ्यातून मार्ग काढून १९९४ च्या सुमारास अंबरनाथ आणि शहाड एकदाचे एकमेकांशी बोलायला लागले. आता हा माणूस दोन दिवस स्वस्थ बसेल असं मला वाटलं, आणि नेमकी तेव्हाच कंपनीने उल्हासनगर कॅम्प चारमधली प्लास्टिकचे ड्रम बनवणारी एक शेड विकत घेतली.

आमची रसायनं भरायला ड्रम लागायचे, ते बाहेरून घेण्यापेक्षा शेडच घेतलेली बरी, असा हिशेब. शेडबरोबर माणसंही आली. आणि एक टेबलावरचा छोटा कॉम्प्युटर आला, जो आधीच्या शेटने हौसेने घेतला होता. त्यात कामगारांची नावं भरलेली होती. हेड ऑफिसने जाहीर केलं की कॅम्प चारची नावं अंबरनाथच्या कॉम्प्युटरला जोडली जातील, आणि ज्यांची नावं जोडली जातील ते सगळे त्या दिवसापासून नवरंगचे कायम कामगार. फोटोचा पास, कंपनीचा दवाखाना, सगळं काही. ज्याचं नाव त्यात नाही त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही.

मोघे लाइन टाकायच्या कामासाठी तिथे गेले तेव्हा मीही बरोबर होते, पासासाठी फोटो काढून घ्यायला. सगळे रांगेत उभे राहिले. भिमाबाई रोकडे म्हणून एक बाई होत्या, साचे साफ करायच्या, गरम ड्रम कात्रीने कापून नीट करायच्या. हातावर जुने चटके होते. फोटो आहे म्हणून जयंतीला नेसायची निळी साडी नेसून आल्या होत्या. फोटोवाल्याने एक फोटो काढला तर म्हणाल्या, डोळे मिटले माझे, परत काढ. त्याने कुरकुरत परत काढला. मग त्या मोघ्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, ह्या शेडीवरच्या पाट्या तीनदा बदलल्या. दर टायमाला नवा मालक आला का बोलायचा, तू आधीच्याची. आधीच्याला गाठावं तर तो बोलायचा, आता तू त्याची. तुमच्या मशिनीत तरी माझं नाव चढवा."

मोघे म्हणाले, "चढवतो. तुमचंच काय, सगळ्यांचं चढवतो."

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "बाई, मी आजवर कुणाला कॉम्प्युटरबद्दल शब्द दिला नव्हता. आज देऊन बसलो." मी म्हटलं, त्यात एवढं काय, नावं तर तयारच आहेत. ते चष्मा पुसायला लागले.

त्यांना कॅम्प चारला जाऊन एकेक नाव माणसासमोर उभं राहून तपासायचं होतं. रीतच ती होती, शहाडचं तसंच केलं होतं. पण आमचे पर्सोनेल मॅनेजर शरदचंद्र कर्णिक यांनी पहिल्या तारखेला उद्घाटन ठरवून टाकलं. हेड ऑफिसचे डायरेक्टर यायचे होते, हार सांगून झाले होते. कर्णिकांचं म्हणणं, टाइप केलेलं आहे ना, मग तपासायचं काय त्यात. वर नेमक्या त्याच आठवड्यात शहाडची लाइन मेली आणि मोघे तिकडे अडकले. शेवटी त्यांनी कॅम्प चारची नावं आमच्या रकान्यांत बसवली. नाव नावाच्या रकान्यात, काम कामाच्या. शेवटचा रकाना तिकडे 'रिमार्क' असा होता, तो आमच्या नोकरीच्या रकान्याला जोडला. त्यात काही नावांपुढे आपली ओळखीची पाच अक्षरं होती, सी, एच, ए, एल, यू. बाकीच्यांपुढे कोरं. शेडमधून वर्षानुवर्षं माणसं येऊन-जाऊन होती, तेव्हा कोरं म्हणजे सोडून गेलेली, असं कुणालाही वाटलं असतं. मलाही वाटलं.

तरी मोघे ते मोघे. माझ्याच टेबलावरून त्यांनी कॅम्प चारच्या मुनीमजींना फोन लावला. लछुमल मुनीम हे आधीच्या शेटचे जुने कारभारी, शेडबरोबर आमच्याकडे आलेले. शेडचा कारभार कित्येक वर्षं त्यांच्या हातात होता आणि कॉम्प्युटरमध्ये काय भरायचं हेही त्यांनीच सांगितलेलं. लाइनवर खरखर होती, त्यामुळे मोघे जरा मोठ्याने बोलत होते.

"मुनीमजी, ज्यांच्यापुढे चालू लिहिलंय, ते सगळे चालू आहेत ना?"

पलीकडून मुनीमजींचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "हां साईं. एकदम चालू. एकेक को मैंने खुद परखा है."

मोघ्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते हसले की काय असं मला अंधुक आठवतं.

पहिल्या तारखेला सकाळी अंबरनाथला डायरेक्टर आले, नारळ फुटला, कर्णिकांनी भाषण केलं. तिन्ही ठिकाणं आता एक झाली, बटण दाबताच कुठला माणूस कुठे आहे ते कळेल. टाळ्या पडल्या. त्याच सुमारास कॅम्प चारच्या गेटवर काय चाललंय ते कुठल्याच बटणाने कळत नव्हतं. ते कळलं फोनवरून. शेडचा फोरमन म्हणाला, बाई, मशिनी बंद आहेत, चालवायला माणूस नाही. मी म्हटलं, संप आहे का? तो म्हणाला, संप नाही, पास नाही.

मी आणि मोघे कंपनीची जीप घेऊन गेलो. गेटबाहेर निम्म्याहून जास्त शेड उभी होती. साच्यावरचे जुने कारागीर, पाठीला पोक आलेले हमाल, आणि पुढेच त्या निळ्या साडीत भिमाबाई. नवीन वॉचमनकडे अंबरनाथहून छापून आलेले पास होते आणि त्यात ह्यांच्यापैकी एकाचाही नव्हता. आत गेलेले जे होते त्यांच्यात पहिला मधु. हा मधु हजेरी लावून ड्रमांच्या थप्पीमागे झोपायचा, ही त्याची ख्याती अंबरनाथपर्यंत पोचलेली. दुसरा एक प्लास्टिकचे दाणे डब्यातून बाहेर नेऊन विकायचा. तिसरा चुलत्याला वर्षातून दोनदा मारून रजा घ्यायचा. एकजात असले. छातीवर फोटोचे पास लावून सगळे चहा पीत बसले होते, आणि काम करता येणारा त्यांच्यात एकही नव्हता. आपल्यालाच कसे पास मिळाले असं त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. मधु मला म्हणाला, "मॅडम, आपली सेटिंग एकदम फिट बसली ना?" मला त्याच्या मुस्कटात ठेवून द्यावीशी वाटली.

भिमाबाई मोघ्यांकडे नुसत्या बघत राहिल्या. मोघे मान खाली घालून आत गेले.

मुनीमजी गादीवर बसले होते. मोघ्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्यापुढे वळवला आणि रिमार्कच्या रकान्यावर बोट ठेवलं. हे काय आहे, म्हणाले. मुनीमजींना प्रश्नच कळेना. चालू म्हणजे चालू. मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावून सांगितलं, बाईमाणसाला तरी कळेल अशा आशेने. शेट आठवड्यातून एकदा यायचा. कुणावर नजर ठेवायची हे त्याला बघताक्षणी कळायला हवं. म्हणून ज्याच्यात काही खोट आहे, जो कामचोर आहे, लबाड आहे, तोंडावर गोड बोलून मागून हात मारतो, त्याच्या नावापुढे चालू. 'ये बहुत चालू है' म्हणतात त्यातला चालू.

मोघे म्हणाले, "आणि ज्यांच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही, ते?"

मुनीमजींनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जो आदमी सीधा है, साईं, उसके आगे क्या लिखना?"

मी तर कपाळावर हातच मारला. हा शब्द काय आम्हाला ठाऊक नव्हता? घरी दारी आपण रोज म्हणतो, फार चालू आहे हं तो, त्याच्यापासून जपून. कॅम्पातल्या बाजारात हलक्या मालाला चालू माल म्हणतात, तोही मी कितीदा पिशवीत घालून आणला होता. पण टाइम ऑफिसात खुर्चीवर बसलं की चालू म्हणजे शिक्का, त्यापलीकडे डोकं जायचंच नाही. आमच्या अंबरनाथच्या नोंदीप्रमाणे मी चालू होते, मोघे चालू होते आणि कर्णिकही चालू होते. कर्णिकांपुरता कॉम्प्युटर दोन्ही अर्थांनी बरोबर होता.

का म्हणते, ते सांगते. मोघे दुपारी थेट कर्णिकांकडे गेले. मला वाटलं, चूक कळली, दोन दिवसांत दुरुस्ती होईल, पास छापले जातील. कर्णिकांनी सगळं ऐकून घेतलं, दार लावून घेतलं आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला. बाहेर आल्यावर मोघ्यांनी मला जे सांगितलं ते असं. कर्णिकांचं म्हणणं, हेड ऑफिसला कॅम्प चारमध्ये एवढी माणसं नकोच होती. कमी करायची कशी ह्यावर महिनाभर खल चालला होता. आता ते आपोआप झालं. आपण कुणाला काढलेलं नाही. युनियन आली तर सांगायचं की कॉम्प्युटरने रेकॉर्ड तपासलं, त्यात ही नावं नाहीत. कॉम्प्युटरशी कोण भांडणार? राहिले ते चालूच निघाले तर त्यांना काढायला कारणं रोजच मिळतील, मग शेडवर नवी माणसं घेता येतील. आणि मोघ्यांना त्यांनी हेही सांगितलं की ही जोडणी चुकली असं कुठे बोललात तर खात्याचं काही खरं नाही. मुंबईची एक कंपनी हे काम घ्यायला टपून बसली आहे, डायरेक्टरांपैकी एकाच्या ती ओळखीतली आहे. तेव्हा गप्प बसण्यात तुमचंच भलं आहे.

मला इतका संताप आला की मी टेबलावरचा शिक्का उचलून भिंतीवर मारला. शाईचा डाग कितीतरी वर्षं तिथे होता. इतकी वर्षं ह्या माणसाने तारा जोडल्या, उंदीर सोसले, फटीतलं कुंकू झाडलं, ते ह्यासाठी? आणि त्यांच्याच नावावर ह्या बायामाणसांना रस्त्यावर काढायचं? मोघे मात्र धन्य आहे, असंसुद्धा म्हणाले नाहीत. त्याचीच मला धास्ती वाटली.

डायरेक्टरांची बैठक त्याच आठवड्यात अंबरनाथलाच होती. हजेरीचे आकडे द्यायला मी कोपऱ्यात बसले होते. मोघ्यांना मशीन चालवून दाखवायला बोलावलं होतं. कर्णिकांनी सांगायला सुरुवात केली की नव्या व्यवस्थेचा पहिला फायदा दिसला. कॉम्प्युटरने कॅम्प चारचं रेकॉर्ड तपासलं आणि जास्तीची माणसं बाजूला काढली.

मोघे उभे राहिले. चष्मा हातातच होता, पुसायचा राहून गेला होता.

"कॉम्प्युटरने कुणालाही काढलेलं नाही," ते म्हणाले. "मी काढलंय. एका शब्दाचा अर्थ मी चुकीचा धरला. जे लबाड म्हणून नोंदवलेले, ते मी आत घेतले आणि सरळ माणसं बाहेर ठेवली. चूक माझी आहे आणि ती मी लिहून देतो."

 कर्णिक खिडकीबाहेर बघायला लागले. मग डायरेक्टरांपैकी एकाने विचारलं, तर मग तुमच्या ह्या व्यवस्थेत आणखी काय काय चुकलेलं आहे, मोघे? प्रश्न टोमण्याचा होता. मोघ्यांनी तो खरोखरचा प्रश्न समजून विचार केला. म्हणाले, "ते मला माहीत नाही. हे मला माहीत आहे."

त्यांनी ते लिहून दिलं आणि त्याची एक प्रत युनियनच्या माणसाच्या हातात ठेवली, साहेबांच्या आधी. कंपनीचा कॉम्प्युटरवालाच चूक झाली म्हणतोय म्हटल्यावर कोर्टात काय होईल ते हेड ऑफिसला सांगायला वकील लागला नाही. पुढच्या सोमवारी कॅम्प चारचे सगळे पास छापले गेले. ते घेऊन मोघे स्वतः गेटवर गेले. मी बरोबर होते. भिमाबाईंचा पास त्यांनी त्यांच्या हातात दिला. त्यात दुसरा फोटो होता, डोळे उघडे असलेला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. पास दाखवायची गरज नव्हती, कारण वॉचमन समोरच उभा राहून सगळं बघत होता, तरी त्यांनी तो त्याच्या नाकासमोर धरला आणि त्याने मान हलवल्यावरच आत पाऊल टाकलं. मग मागे वळून म्हणाल्या, "सायेब, चढवलं तुमी नाव." मोघे मान हलवत राहिले. त्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले, आणि माझेही आले हे सांगायला मला लाज वाटत नाही.

मधु आणि मंडळींचं काही झालं नाही, तेही कायमच झाले. कंपनी त्यांना काढणार कशी, चालू ह्या शब्दाला आता सगळेच घाबरायला लागले होते.

पण खातं गेलं. कर्णिक बोलले होते तसंच झालं, मुंबईच्या कंपनीला काम मिळालं. ऑपरेटर मुलींना स्टोअरमध्ये पाठवलं. मोघ्यांची बदली बदलापूरच्या गोडाऊनवर. तिथे एक टर्मिनल होता, ड्रम आले किती आणि गेले किती एवढं त्यावर बघायचं. ज्या माणसाने तीन ठिकाणं एकमेकांना जोडली त्याला एका पडद्यासमोर ड्रम मोजायला बसवलं. लोक वर म्हणत, चला, घराजवळ झालं, शिरगावातून चालत जाता येईल. मला असल्या सांत्वनाची भयंकर चीड आहे. मालिनीवहिनी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, निदान जेवायला वेळेवर घरी येतात. मी त्यांच्यावरही चिडले, मनातल्या मनात.

जायच्या आधी मोघ्यांनी शेवटचं एक काम केलं. रिमार्कचा रकाना त्यांनी नोकरीच्या नोंदीपासून तोडून वेगळा केला. आमच्या कॉम्प्युटरला आधी एक खोड होती, कुठलाही रकाना रिकामा ठेवला की तो टूं टूं करायचा आणि पुढेच जाऊ द्यायचा नाही. त्यामुळे रिमार्कमध्ये लोक काहीबाही टिंबं, रेघा भरायचे. मोघ्यांनी ती खोड काढून टाकली. मी विचारलं, आता जाता जाता हे कशाला? तुमच्यामागून येणारे बघून घेतील.

ते म्हणाले, "कोरं दिसलं म्हणून माणूसच नाही, असं पुन्हा कुणी समजू नये, बाई."

ते गेल्यावर त्यांची बदली कॉम्प्युटरमध्ये चढवायचं काम टाइम ऑफिसकडे, म्हणजे माझ्याकडेच आलं. मुंबईच्या नव्या कंपनीचा टाय लावलेला एक गृहस्थ माझ्या पाठीशी उभा राहून काम कसं चालतं ते बघत होता. मी भरत गेले. नाव, दिनानाथ मोघे. ठिकाण, बदलापूर. नोकरी, चालू. ते लिहिताना हात जरा थांबला, पण तो आमचा चालू होता, मुनीमजींचा नव्हे. मग शेवटचा रकाना आला. रिमार्क. मी तो तसाच सोडला आणि पुढचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने टूं केलं नाही.

टायवाला वाकून बघायला लागला. म्हणाला, "मॅडम, तुमचा हा रकाना कोरा राहिलाय."

मी म्हटलं, "राहिलेला नाही. ह्यांच्यापुढे कोरंच लिहायचं आहे."